टीबीच्या गोळ्या अर्ध्यात का सुटतात? मेडिकलच्या काउंटरवरून

काउंटरपलीकडे

इचलकरंजीत यंत्रमागांच्या वस्तीला लागून माझं मेडिकल आहे. टीबीचे पेशंट रोजचेच. काही सरकारी केंद्रावरून फुकट औषध घेतात आणि माझ्याकडे खोकल्याचं, अ‍ॅसिडिटीचं काहीतरी न्यायला येतात, काही खाजगी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येतात. दोन्हीकडचे लोक मध्येच गोळ्या सोडताना बघितलेत, त्यावर बोलावं म्हणून हा धागा.

साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेली गोळी (आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल), पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. रोज किती गोळ्या ते वजनावर. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. हे केंद्रावर सांगितलेलं असतं, कार्डावर लिहिलेलं असतं. तरी दुसरा-तिसरा महिना आला की गळती सुरू होते. खोकला थांबलेला असतो, संध्याकाळचा ताप गेलेला असतो, भूक लागते, अंगावर थोडं मांस चढतं. माणूस म्हणतो, झालो की बरा. त्याला अडाणी म्हणणारे आपण तरी ताप उतरल्यावर पाच दिवसांचं अँटिबायोटिक पुरं करतो का?

काउंटरवर 'गोळ्या चालू आहेत ना?' हा प्रश्न काही कामाचा नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असतं, 'हो हो, चालू आहेत.' विचारायचं असं: 'घरात किती स्ट्रिपा उरल्यात?' किंवा 'काल कितीला घेतली?' इथं माणूस जरा थांबतो, बायकोकडे बघतो, मग खरं बाहेर येतं.

एक उदाहरण देतो. मागावर बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. एक कामगार नियमित यायचा, पण हिशेब जुळेना. महिन्याच्या गोळ्या त्याला दीड-दोन महिने पुरत होत्या. खोदून विचारल्यावर म्हणाला, 'सकाळी उपाशीपोटी घ्यायला सांगितलंय. रातपाळीला सकाळी येतो तवा चहा-पाव खाल्लेला असतो. मग त्या आठवड्यात घेत नाही.' म्हणजे निम्मा महिना औषध बंद, आणि तेही सूचना तंतोतंत पाळण्याच्या नादात! दोघांनी बसून त्याचा दिवस मांडला. संध्याकाळी सातला दोन्ही आठवड्यांत पोट रिकामं असतं. दिवसपाळीला दुपारचा डबा खाऊन बराच वेळ झालेला असतो, रातपाळीला तो निघायच्या तयारीत असतो. त्यानं केंद्रावर विचारून सातची वेळ पक्की केली. पाळी बदलली तरी वेळ तीच. दिवसपाळीच्या आठवड्यात गोळ्या कागदात गुंडाळून खिशात.

इथं फार्मासिस्ट, नर्स, आशाताई, बरे झालेले पेशंट कोणी असतील तर लिहा. तुमच्याकडे माणसं कशानं सोडतात? आणि कशानं टिकून राहतात?

दुपारचा_चहा

रातपाळीचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता. वाचतेय.

फडावरची_फाईल

बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी आहे. तुमच्याकडे पाळी, आमच्याकडे ऊसतोडीचा कोयता.

दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. ज्याचं औषध सप्टेंबरात सुरू झालं त्याचा निम्म्याहून जास्त कोर्स उसाच्या फडावर होणार. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, टोळी निघाली की मागं राहता येत नाही. निक्षय या सरकारच्या टीबी नोंदणीच्या पोर्टलवर प्रत्येक पेशंटचा आयडी असतो आणि तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्राकडे वर्ग करता येतो. करायला दोन मिनिटं लागतात. पण वर्ग करायचा कुठं? टोळी कुठल्या कारखान्याच्या कुठल्या गटात उतरणार हे जोडप्यालाच ऐनवेळी कळतं. कारखाना कळला तरी पंधरा दिवसांनी खोपी दुसऱ्या गावच्या शिवारात.

त्यामुळे पितृपक्षातच मी यादी काढून बसतो. कोण जाणार, कोणाच्या टोळीत, मुकादमाचा नंबर काय. मुकादमाला आजाराचं नाव सांगत नाही, तो पेशंटचा प्रश्न आहे. एवढंच सांगतो की याचं औषध चालू आहे, महिन्यातून एक दिवस जवळच्या सरकारी दवाखान्यात सोडा. बरोबर महिन्याचं औषध आणि कार्डाची झेरॉक्स देतो. कार्ड खोपीत भिजतं, म्हणून एक फोटो बायकोच्या फोनमध्ये.

दुसरं, वेळ. तोडीला पहाटे अंधारात निघतात. उपाशीपोटी तीन-चार गोळ्या टाकून मोळ्या वाहिल्या की मळमळतं, आणि जोडीतला एक बसला की अख्ख्या कोयत्याची, म्हणजे जोडीची मजुरी बुडते. मग गोळीच बाजूला पडते. अशांना वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून रात्री झोपतानाची वेळ बांधून देतो. जेवण सातला, गोळी दहाला. मळमळ झोपेत निघून जाते.

गल्ला_सांभाळा

मालक, लेख झकास. आता कडू बोलतो.

संध्याकाळी सात ते नऊ माझ्या काउंटरवर आठ जण उभे असतात. एकाला बाजूला घेऊन 'तुमचा दिवस मांडू या' म्हटलं तर बाकीचे सात शेजारच्या दुकानात जातील. टीबीची औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे वेगळी नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत. २०१४ पासून त्याचं वेगळं रजिस्टर, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं तीन वर्षं जपून ठेवायचं. २०१८ पासून केमिस्टनंही टीबीचा पेशंट सरकारला कळवायचा. हे करतो, तक्रार नाही. पण वर समुपदेशनही आम्हीच, त्याचे पैसे कोण देणार? आणि जरा काही सांगितलं की डॉक्टरचा फोन, 'तू गोळ्या दे, डॉक्टरकी करू नको.'

शिवाय एक उघड गुपित. कित्येक दुकानांत फार्मासिस्टचं फक्त सर्टिफिकेट भिंतीवर असतं. काउंटरवर असतो नुकताच लागलेला पोरगा. तो काय समुपदेशन करणार?

दुपारचा_चहा

शेवटचा परिच्छेद दुकानदारानंच लिहिला म्हणून अनुमोदन. आम्ही लिहिला असता तर धागा पेटला असता.

खिडकीची_जागा

मी पेशंट होते. आता पूर्ण बरी आहे, म्हणून लिहू शकते.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, डोंबिवलीत सासरी. खाजगी डॉक्टरकडे निदान झालं. नवऱ्याला माहीत होतं, सासूबाईंना 'छातीत पाणी झालंय' एवढंच सांगितलेलं. (ते खोटंही नव्हतं, पाण्यामुळेच कळलं.) पहिल्या महिन्यात स्टेशनजवळच्या एका मेडिकलमध्ये गेले. तिथल्या मुलानं चिठ्ठी बघितली आणि आतल्या माणसाला मोठ्यानं ओरडून विचारलं, 'टीबीच्या चारवाल्या आल्यात का रे?' मागे आमच्याच बिल्डिंगमधल्या काकू उभ्या. मी चिठ्ठी घेऊन बाहेर पडले आणि नंतर चार-पाच दिवस औषधच आणलं नाही. सोडायचं म्हणून नव्हे, कुठून आणायचं हेच कळत नव्हतं.

मग ऑफिसजवळ एक दुकान धरलं. तिथे एक वयस्कर बाई होत्या, स्वतः फार्मासिस्ट. चिठ्ठी उलटी धरून आत नेली, खाकी पाकिटात स्ट्रिपा घालून दिल्या आणि म्हणाल्या, 'एक मिनिट इकडे या.' काउंटरच्या टोकाला नेऊन हळू आवाजात तीन गोष्टी सांगितल्या. लघवी केशरी होईल, घाबरू नका. डोळ्यांत लेन्स घालत असाल तर चष्मा वापरा, लेन्सवर डाग पडतात. आणि पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असतील तर या औषधाबरोबर त्यांचा भरवसा नाही, दुसरं काहीतरी वापरा, डॉक्टरांना सांगा. तिसरी गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती, आणि त्या गोळ्या मी घेत होते! डॉक्टर पुरुष, बरोबर नवरा, मी आपणहून बोलले नव्हते.

गल्ला_सांभाळा, त्यांना पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पुढचे सगळे महिने मी त्याच दुकानातून औषध घेतलं. आता घरचं बाकीचंही तिथूनच येतं.

काउंटरपलीकडे

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. रिफाम्पिसिन यकृताला इतर औषधं लवकर मोडायला लावतं, म्हणून गर्भनिरोधक गोळ्यांचा जोर कमी पडतो, आणि औषध संपल्यावरही काही आठवडे हा परिणाम राहतो. तांबी किंवा निरोध, हे स्पष्ट सांगायला हवं. तसंच ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी. आटोक्यात असलेली शुगर टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर अचानक वर जाते आणि माणूस म्हणतो, 'या गोळ्यांनी शुगर वाढवली, बंद केल्या.' त्याला आधीच सांगून ठेवलं आणि डॉक्टरांनी साखरेचं औषध बदलून दिलं की प्रश्न मिटतो. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचंही तेच. आणि अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध टीबीच्या गोळ्यांबरोबर घेऊ नये, आयसोनियाझिड नीट शोषलं जात नाही. गोळी आधी, ते दोनेक तासांनी. हे बघणं फार्मासिस्टचंच काम, कारण चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या एकत्र आमच्याच काउंटरवर येतात.

गल्ला_सांभाळा, गर्दीचं खरं आहे. म्हणून मी सातला काही सांगत बसत नाही. पाकिटावर 'उद्या ३ ला या' लिहून देतो. दुपारी तीनला दुकानात माशा मारत असतो. येतात लोक. पैशांचं म्हणाल तर २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत पेशंटला समजावणं हे आपलं काम म्हणून लिहिलेलं आहे. मोबदला त्यात नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. पोरगा काउंटरवर असेल तर त्याला निदान औषधाचं नाव ओरडायचं नाही एवढं शिकवता येतं.

फुफ्फुसवाला

छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. 'डॉक्टरकी करू नको' म्हणणाऱ्या सहकाऱ्यांतर्फे माफी. पण एक मुद्दा धाग्यात अर्धवट राहतोय आणि तो जिवावरचा आहे.

'काही झालं तरी गोळी सोडायची नाही' असं सरसकट सांगू नका. चारपैकी तीन औषधं यकृताला त्रास देऊ शकतात. अन्नावरची वासना पार उडाली, उलट्या थांबत नाहीत, उजव्या बरगडीखाली दुखतंय, डोळे पिवळे दिसतायत, तर गोळ्या त्याच दिवशी थांबवायच्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मी असे पेशंट बघितलेत जे कावीळ अंगावर घेऊन आठ-दहा दिवस गोळ्या गिळत राहिले, कारण 'सोडलं तर टीबी बिघडतो' हे मनावर इतकं ठसवलेलं.

यात एक फसगत आहे. आपण पहिल्या दिवशी सांगतो की लघवी केशरी होईल, घाबरू नका. मग कावीळ झाल्यावर लघवी गडद होते तेव्हा पेशंट म्हणतो, हे तर सांगितलंच होतं. म्हणून मी दोन्ही एकदमच सांगतो. गोळीचा केशरी रंग गोळीनंतर काही तास राहतो आणि उतरतो, भूक शाबूत असते. काविळीचा रंग दिवसभर गडद राहतो आणि जेवण समोर आलं की नको वाटतं. आणि आरशात डोळ्याचा पांढरा भाग पांढराच दिसला पाहिजे. शंका आली तर रक्त तपासू, पण विचारा.

बाकी त्रासांना इतकं घाबरायचं नाही. सांधे दुखतात ते बहुधा पायराझिनामाइडमुळे, त्यावर औषध आहे आणि दोन महिन्यांनी ते बंदच होतं. पायाला मुंग्या आयसोनियाझिडमुळे, बी-६ जीवनसत्त्वानं जातात. मळमळीसाठी गोळीबरोबर थोडं हलकं खाल्लं तरी चालेल. शोषण थोडं कमी होईल, पण न घेण्यापेक्षा ते कितीतरी बरं. इथॅम्ब्युटॉलवर असताना अंधुक दिसायला लागलं किंवा लाल-हिरव्यात गोंधळ होऊ लागला तर मात्र वाट बघत बसायचं नाही, तडक या. यातलं निम्मं कोणी काउंटरवर सांगितलं तर माझी ओपीडी हलकी होईल.

तिरकस_रेघ

चर्चा छान चाललीय, थोडा खडा टाकतो. हे सगळं शेवटी पेशंटवर नजर ठेवणंच नाही का? स्ट्रिपा मोजा, मुकादमाचा नंबर घ्या. डॉट्सच्या काळात आठवड्यातून तीनदा केंद्रावर जाऊन कोणासमोर तरी गोळी गिळावी लागायची. रोजंदारीवरच्या माणसानं काम सोडून जायचं आणि परत संशयित म्हणून उभं राहायचं.

याची मुळं आपल्याच देशात आहेत, बरं का. १९५६ साली मद्रासला क्षयरोगावरचं संशोधन केंद्र सुरू झालं. तिथल्या अभ्यासात १९५९ मध्ये दाखवून दिलं की घरी राहून औषध घेणारा पेशंट सॅनेटोरियममधल्या (टीबीच्या पेशंटना ठेवायच्या रुग्णालयातल्या) पेशंटइतकाच बरा होतो आणि घरच्यांनाही त्यामुळे जास्त लागण होत नाही. जगभरची सॅनेटोरियमं बंद व्हायला त्यानं मोठा हातभार लावला. पण घरी औषध म्हटल्यावर पेशंट घेतो की नाही हा प्रश्न आला. मग अचानक घरी जाऊन गोळ्या मोजणं, लघवी तपासणं आलं आणि पुढे 'समोर गिळा'. २०१७ पासून देशभर रोजचा डोस आला, घरी नेऊन घ्यायचा. त्याबरोबर ९९डॉट्स वाढलं. पाकिटातून गोळी काढली की तिच्यामागे लपलेला नंबर दिसतो, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. आमच्या ओळखीत एक आजोबा रोज मिस्ड कॉल द्यायचे आणि गोळी कुंडीत टाकायचे. यंत्राच्या लेखी हजेरी पक्की.

काउंटरपलीकडे

कुंडीवाल्या आजोबांना कोणी विचारलं का, का टाकताय म्हणून?

तिरकस_रेघ

सुनेनं विचारलं. म्हणाले, घशात अडकतात. चार मोठ्या गोळ्या, वय अठ्ठ्याहत्तर. हसावं की रडावं. मग एकेक गोळी दहा मिनिटांनी, अशा चारही घ्यायला लागले.

हं, तुमचा मुद्दा आला लक्षात. तरी स्ट्रिपा मोजण्याबद्दल माझी नापसंती कायम.

फडावरची_फाईल

नापसंती असू द्या. मीही मोजतो, पण पेशंटच्या हातून. 'तुम्हीच मोजा आणि सांगा' म्हटलं की खोटं बोलायची वेळ कमी येते.

भाचेबुवा

नवीन आयडी आहे, याच धाग्यासाठी काढला. मामा नाशिकला, वय ५२, रिक्षा चालवतात. तिसरा महिना चालू होता, आता तीनेक आठवडे गोळ्या बंद. पितात. मामी म्हणतात, 'पिणार असाल तर गोळ्या घेऊ नका, लिव्हर जाईल' असं कोणीतरी सांगितलं, तर त्यांनी गोळ्या सोडल्या, दारू नाही. घरात उरलेल्या गोळ्या आहेत. उद्यापासून परत सुरू करायला सांगू का?

फुफ्फुसवाला

आपल्या मनानं नको. आधी केंद्रावर घेऊन जा. खंड महिन्याच्या आत आहे, ही जमेची बाजू. महिनाभर सलग औषध बंद राहिलं तर टीबीच्या सरकारी कार्यक्रमात त्यांची नोंद 'उपचारातून सुटलेला' अशी होते आणि सगळं जास्त किचकट होतं. थुंकी तपासतील, रिफाम्पिसिनला जंतू दाद देतोय का ते सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रांवर बघतील, लिव्हरची रक्ततपासणी करतील, वजन घेतील. त्यावरून आहे तिथून पुढे चालू की नव्यानं सुरुवात, ते ठरेल. आणि पिणं लपवू नका. पिणाऱ्याला औषध देत नाहीत असं नाही, जास्त लक्ष ठेवून देतात.

गल्ला_सांभाळा

भाचेबुवा, मामांना दारूवरून आत्ता बोलू नका. एका वेळी एकच भांडण. आधी गोळ्या.

आणि निक्षय पोषणचे, म्हणजे पेशंटच्या आहारासाठीचे सरकारी पैसे येतायत का बघा. २०१८ ला महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. खातं आधारला जोडलेलं नसलं की अडकतात. शक्य असेल तर मामींचं खातं द्या, आपल्याला माहितीय का ते.

खिडकीची_जागा

गल्ला_सांभाळा, पैसे कोण देणार म्हणून विचारणारे तुम्हीच ना? :)

गल्ला_सांभाळा

दुपारचे तीन वाजलेत ताई, दुकानात माशा मारतोय.

भाचेबुवा

सगळ्यांचे आभार. मामांशी फोनवर बोललो. 'घेताय का' न विचारता 'किती उरल्यात' विचारलं. म्हणाले, 'पिशवीभर.' यायला तयार आहेत, पण त्या केंद्रावर नको म्हणतात. स्टँडवरची माणसं तिथं येतात. दुसरीकडे नेलं तर चालेल का? की परत पहिल्यापासून कागदपत्रं?

फडावरची_फाईल

चालेल. निक्षय आयडी देशभर एकच असतो, तो कार्डावर आहे. नवीन केंद्रावर तोच दाखवा आणि इकडे वर्ग करा म्हणा, जुन्या केंद्रावर पाऊल ठेवायची गरज नाही. कार्ड हरवलं असेल तर आधार आणि ज्या मोबाइलवर नोंद झाली तो नंबर घेऊन जा, शोधून देतात. जवळचं केंद्र कुठलं ते १८००-११-६६६६ वर विचारा, फोन फुकट आहे.

उरलेली पिशवी फेकू नका, जशीच्या तशी घेऊन जा. नेमक्या किती चुकल्या ते त्यावरून कळेल. आणि थुंकीची डबी आदल्या दिवशीच आणून ठेवा. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल खोकून आलेला बेडका हवा, नुसती लाळ नको. मामांना एकट्याला पाठवू नका, त्या दिवशी रिक्षा तुम्ही चालवा.

भाचेबुवा

रिक्षा येत नाही मला. मामींचा भाऊ चालवतो, त्याला सांगतो. सोमवारी सकाळी नेतोय.